साक्षीदार शिंपला

"हा शिंपला माझ्या हाताखालून गेलेला नाही."

"मग कुणाच्या हाताखालून गेला, वहिनी? टेबल तुमचं, टोपली तुमची."

"आणि पातेलं याचं. पातेल्यात काय काय पडतं ते मी कशाला सांगू?"

"काकू, मी पातेल्यात बाग लावत नाही. एवढा चिखल माझ्याकडे येईल कुठून?"

"ते तूच शोध बाबा. माझ्या टेबलावरून चिखल जात नाही. आजवर गेला नाही, पुढेही जायचा नाही."

सून दारातच थांबली. बहिणीचं बाळंतपण उरकून, चांगला आठवडाभर माहेरी राहून ती परतली होती आणि तडक घरच्या शिंपल्यांच्या शेडवर आली होती. खांद्यावरची पिशवीसुद्धा अजून उतरवली नव्हती. वाटभर तिला वाटत होतं, पहिला प्रश्न बाळ कुणावर गेलंय हाच असणार. इथे तर पंचायत भरली होती. निवडीच्या टेबलाच्या अलीकडे सासूबाई, आपल्या उंच स्टुलावर, रबरी एप्रन बांधून, पाठ ताठ. पलीकडे त्यांचा दीर. त्याला सगळी शेड तोलकाका म्हणे, कारण झोपेतसुद्धा त्याचा एक हात काट्यावर असतो अशी ख्याती होती. मधोमध खानावळीचा आचारी, आणि त्याच्यासमोर झाकण काढलेलं भलं मोठं पातेलं. आतला रस्सा शिसपेन्सिल उगाळल्यासारखा दिसत होता.

"आलीस? बरं झालं," सासूबाई म्हणाल्या. "आता तूच सांग यांना. माझ्या टेबलावरून बद्द्या गेलाय कधी?"

सून पातेल्याकडे बघत राहिली.

"बाळ बहिणीवरच गेलंय," ती म्हणाली.

कुणी विचारलं नव्हतं.

बद्द्या म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं, कारण हे सगळं रामायण एका बद्द्यापायी घडलं. शिंपला मेला की एरवी त्याच्या झडपा उघडतात आणि तो आपण होऊन जाहीर करतो की बाबांनो, मी गेलो. पण एखादा गाळात रुतलेला असतानाच आतल्या आत मरतो. मांस संपतं, त्या जागी बारीक चिखल भरतो आणि चिखलाच्या चिकटपणानं दोन्ही झडपा मिटलेल्याच राहतात. बाहेरून तोच राखाडी रंग, पाठीवर तीच वर्तुळं, ओठावर तीच जांभळी झाक. वजनही जवळपास तेच. हातात घेऊन कळत नाही, डोळ्याला लावून कळत नाही. पातेल्यात उकळला की मग कळतं, आणि तेव्हा कळून उपयोग नसतो. एक बद्द्या अख्ख्या जेवणाचं वाटोळं करतो.

तो ओळखायचा एकच मार्ग आहे, आवाज. आणि ह्या शेडमध्ये तो मार्ग आणला सासूबाईंनी.

त्या समुद्राकाठच्या नव्हेत. त्यांचे वडील मडकी घडवायचे. घराच्या अंगणात भट्टी, ओसरीवर उतरंडी, आणि गिऱ्हाईक आलं की मडकं वाजवून द्यायचं हे लहान पोरीचं काम. चीर गेलेलं मडकं दिसायला देखणं असलं तरी बद्द बोलतं. चांगलं मडकं बोट लागलं की गातं. त्या कानानिशी ती मुलगी लग्न होऊन इथे आली, जिथे शिंपले हातात झेलून, वजनाच्या अंदाजानं निवडले जात. 'माल उत्तम, पण दात सांभाळा' असं बाजारात ह्या शेडबद्दल बोललं जाई आणि घरातले लोक ते ऐकून हसत, म्हणजे हसण्यावारी नेत.

नवी नवरी टेबलापाशी बसली आणि दोन दोन शिंपले एकमेकांवर टिचकवू लागली. टक्. टक्. तिची सासू बाहेर आली.

"काय गं, त्यांच्या दारावर टकटक करतेस होय? आत कुणी आहे का विचारतेस?"

"हो. जो उत्तर देत नाही त्याला बाजूला ठेवते."

सासूनं बाजूला ठेवलेल्यांतला एक सुरीनं उघडला. चिखल. दुसरा उघडला. चिखल. तिसरा न उघडताच ती आत गेली आणि येताना उंच स्टूल घेऊन आली. तेच हे स्टूल.

त्यांची पद्धत अशी. सकाळी ढीग आला की त्यातून एक जिवंत, दणकट, घट्ट मिटलेला शिंपला निवडायचा. तो दिवसभर डाव्या मुठीत. हा साक्षीदार. उजव्या हातानं ढिगातला एकेक उचलायचा आणि साक्षीदारावर टेकवायचा. जिवंत असेल तर दोन गोट्या भिडल्यासारखा आवाज निघतो, बद्द्या असेल तर उशीवर बुक्की मारल्यासारखा. हात इतका झरझर चालायचा की बघणाऱ्याला वाटावं, बाई पाऊस पाडतायत. गप्पा चालू, कुणाला रागावणं चालू, चहा चालू, आणि मध्येच एक शिंपला पाठीमागच्या बादलीत भिरकावला जायचा, बादलीकडे न बघता. आणि संध्याकाळी काम उरकलं की साक्षीदाराला समुद्रात परत सोडायचं, न चुकता, स्वतःच्या हातानं.

"रोज एक शिंपला सोडता, वहिनी," तोलकाका पूर्वी कुरकुरायचा. "तोही ढिगातला सर्वांत चांगला."

"साक्ष दिली त्यानं दिवसभर. साक्षीदाराला घरी सोडायचं असतं, शिजवायचं नसतं."

हा तोलकाका म्हणजे त्यांच्याच हाताखाली वाढलेला. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा तो टेबलाखाली बसून बद्द्यांच्या गाड्या करून खेळायचा. त्याला नाक शिंकरायला त्यांनी शिकवलं, काटा वाचायला त्यांनी शिकवलं, आणि शाळेतून पळून आला की त्याचा कान धरून परत नेऊनही त्यांनीच सोडलं. पोट सुटलं, केस विरळ झाले, तरी वहिनींसमोर त्याचा आवाज एक पट्टी खालीच असायचा. आज पहिल्यांदा तो वर चढला होता.

वाजवून बघायची सवय सासूबाईंच्या अंगातच मुरली होती. बाजारात कलिंगड वाजवतील, दुकानात कपाट वाजवतील, मुलाला खोकला झाला तर त्याची पाठ वाजवतील आणि मग डॉक्टरकडे नेतील. सुनेच्या माहेरी पहिल्यांदा आल्या तेव्हा पुढ्यात ठेवलेल्या कपाला त्यांनी नखानं टिचकी मारली होती.

"चीर आहे ह्याला," त्या म्हणाल्या होत्या.

"नवा आहे हो," सुनेची आई म्हणाली आणि चहा ओतला. चिरेतून झिरपून बशी भरली. त्या दिवशी सुनेला वाटलं होतं, ह्या बाईपासून आपलं काही लपायचं नाही.

आणि आता वर्ष होत आलं, ती ह्याच बाईपासून एक गोष्ट लपवत होती.

सुरुवात मागच्या थंडीत झाली. किटलीचं झाकण थडथडत होतं, पाणी उतू जात होतं, आणि सासूबाई शेजारी बसून शांतपणे सुईत दोरा ओवत होत्या. मग एकदा मागून हाक मारली तर वळल्या नाहीत. मग एकदा चांगल्या टोपलीत, वरच्या वर, एक बद्द्या. सुनेनं तो उचलला, वाजवला, पुन्हा वाजवला. सासूबाईंचा हात तसाच झरझर चालत होता, चेहऱ्यावर तोच रुबाब, पाठीमागच्या बादलीत शिंपले पडतही होते. फक्त सगळे पडत नव्हते.

ती काही बोलली नाही. त्या दिवसापासून चांगली टोपली धुवायचं काम तिनं स्वतःकडे घेतलं. मागच्या नळापाशी, पाण्याच्या आवाजाआड, ती प्रत्येक शिंपला पुन्हा वाजवायची आणि बद्दे आपल्या एप्रनच्या खिशात टाकायची. कुणाच्या लक्षात आलं नाही. खुद्द सासूबाई मात्र कौतुकानं सांगायच्या, "आमच्या सुनेची स्वच्छता बघा, शिंपलेसुद्धा आंघोळ घालून पाठवते." आणि मग ती एका आठवड्यासाठी माहेरी गेली.

"ठीक आहे," तोलकाका आता म्हणत होता. त्यानं पातेल्यावर झाकण ठेवलं. "तुम्ही म्हणता कान शाबूत आहे. मग उद्या सकाळी, यांच्यासमोर, मी एक टोपली मिसळतो. चांगल्यांत बद्दे घालतो. तुम्ही काढून दाखवा. काढलेत तर मी सगळ्यांसमोर माफी मागीन."

"आणि नाही काढले तर?"

"तर स्टूल सोडायचं, वहिनी. घरी बसायचं. आराम करायचा."

सासूबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो पुन्हा टेबलाखाली जाऊन बसेल असं सुनेला वाटलं.

"मला वाजवून घेणार तू?"

"मडकं वाजवून घ्यावं, हे तुम्हीच शिकवलंत."

"येशील ना रे उद्या?" त्या आचाऱ्याकडे वळल्या. "येताना रिकामं पातेलं आण. भरून देते."

दुपार कलली, ओहोटी लागली. सासूबाईंनी एप्रन सोडला, साक्षीदार मुठीत घेतला आणि म्हणाल्या, "चल, ह्याला सोडून येऊ."

एरवी त्या शेडच्या मागच्या पायऱ्या उतरून शेवटच्या पायरीवरूनच शिंपला वाळूत टोचायच्या. पूर्वी ओहोटीला त्या स्वतः दाताळं घेऊन वाळूत जात, पण गुडघ्यांनी त्यांना बऱ्याच वर्षांपूर्वी टेबलाला बांधून टाकलं होतं. आज मात्र त्या पायरीशी थांबल्या नाहीत. चपला काढल्या, साडी वर खोचली आणि चालू लागल्या. सून मागोमाग.

समुद्र मागे सरकला होता आणि त्याच्याखालची जमीन उघडी पडली होती, ओली, चमकणारी, पाण्याच्या लाटांचा ठसा अंगावर घेऊन पडलेली. नवख्याला ती ओसाड वाटते. पाऊल टाकलं की दोन हातांवरून पाण्याची बारीक चिळकांडी उडते, तेव्हा कळतं की आपण कुणाच्या तरी छपरावर चाललोय.

"बघ, ही दोन भोकं," सासूबाईंनी पायाच्या अंगठ्यानं दाखवलं. "हा घरात आहे. एका नळीनं पाणी आत घेतो, दुसरीनं बाहेर सोडतो. पाण्यातलं जे आपल्याला दिसत नाही ते खातो आणि पाणी निवळून परत देतो. ना कुणाच्या अध्यात ना मध्यात."

"माझ्यासारखा," सून म्हणाली.

"तू? तू सगळ्यांच्या मध्यात आहेस. सध्या तुझं लक्ष कुठे आहे ते सांग."

सून भोकं चुकवत पुढे चालली. त्या उत्तरेच्या पट्ट्यापाशी पोचल्या होत्या. हा पट्टा शेडला जवळ, म्हणून तोलकाकाची माणसं इथेच दाताळं चालवून शिंपले उकरत. सासूबाई थांबल्या. त्यांनी डावा पाय वाळूत रोवला आणि इकडून तिकडे फिरवला, जसं एखादी बाई पीठ मळताना बोटांनी अंदाज घेते.

"लोणी झालंय," त्या म्हणाल्या. "वर नदीला पूर येऊन गेला त्याचा गाळ आहे हा. शिंपल्याला कसली जमीन लागते? फार भरड नको, नाहीतर त्याचा पाय रुतत नाही. फार मऊ नको, नाहीतर घर अंगावर बसतं. वाळूत थोडा गाळ, बस. ही नुसतीच माती आहे. वास घे."

सुनेनं मूठभर उकरून नाकाशी नेलं. खालचा थर काळा होता आणि कुजक्या अंड्यासारखा दर्प येत होता. आणि मग तिला दिसलं: जागोजाग, वर, उघड्यावर, नखाएवढे शिंपले पडले होते. शेकड्यांनी. गाळावर नुसते आडवे.

"बारकी," सासूबाई म्हणाल्या. "शिंपला दिवसाढवळ्या वर येऊन पडला म्हणजे समजावं, खाली श्वास घ्यायला जागा नाही. ही अजून जिवंत आहेत. मोठी मात्र खालीच राहतात. मोठ्यांना घर सोडवत नाही."

"म्हणून तर बद्दे एवढे वाढलेत."

सून बोलून गेली आणि बोलताबोलताच तिला कळलं.

सासूबाईंनी सावकाश मान वळवली. "वाढलेत?"

"म्हणजे... वाढत असतील."

"माझ्या बादलीत तर पूर्वीइतकेच पडतात. थोडे कमीच. मी म्हटलं, यंदा माल बरा आहे. तुला कुठे दिसले वाढलेले?"

वारा पडला होता. लांब कुठेतरी एक बगळा एकेक पाय मोजून टाकत होता. सुनेनं दुपारी बांधलेल्या एप्रनच्या खिशात हात घातला, जिथे वर्षभर ती बद्दे टाकत आली होती. खिसा आज रिकामा होता, पण कोपऱ्यांत चिखल वाळून बसला होता.

"टोपलीत, आई. धुताना मी पुन्हा वाजवते."

"केव्हापासून?"

"मागच्या थंडीपासून."

सासूबाईंनी तिचा हात ओढून घेतला आणि बोटं बघितली. टोकांची कातडी सोललेली होती. "मी म्हटलं, पोर फार टापटिपीची," त्या म्हणाल्या. हात सोडला. त्या समुद्राकडे तोंड करून उभ्या राहिल्या. सून वाट बघत होती की आता रडतील, किंवा पाठीवर हात ठेवतील, किंवा म्हणतील की म्हातारीला सांभाळलंस. सुनेच्या मनात ह्या प्रसंगाची तालीम अनेकदा झाली होती, आणि प्रत्येक तालमीत शेवट गोडच होता.

"त्या आचाऱ्याला मी सगळ्यांदेखत खोटं पाडलं," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्हाला कुठे माहीत होतं?"

"मला माहीत नव्हतं, कारण तू माहीत होऊ दिलं नाहीस. त्याचा अख्खा दिवसाचा स्वयंपाक नासला आणि मी त्यालाच म्हटलं, तुझंच पातेलं घाणेरडं. तो बिचारा बागेचा विनोद करून गप्प बसला. कुणाच्या जिवावर बोलले मी? तुझ्या खिशाच्या."

"मला वाटलं, तुम्हाला लागेल."

"लागेलच. लागायला नको? ठेच लागली की माणूस खाली बघून चालतो. तू माझ्या वाटेतले दगड गुपचूप उचलत राहिलीस आणि मी समजले, माझीच चाल नीट आहे."

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंनी ते बघितलं, आणि न बघितल्यासारखं केलं.

"रडून भरती लवकर आणू नकोस. गाळातले दोन मोठे उचल. एक बद्द्या शोध."

सुनेनं गाळात हात घालून चाचपलं. साक्षीदारावर दोघांना वाजवून बघितलं, एकाला बद्द ठरवलं आणि उभी राहिली.

"डावीकडे ये. वाजव."

सुनेनं वाजवले. आधी एक, मग दुसरा.

"वाजव ना."

"वाजवले, आई."

सासूबाईंनी मान हलवली. चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. "आता उजवीकडे. लांबून." सुनेनं वाजवले. "काहीतरी वाजलं. जवळ ये. अजून. कानाला लाव." सुनेनं जवळजवळ कानाच्या पाळीला लावून टिचकवले.

"हा जिवंत," सासूबाई म्हणाल्या. "आणि हा गेला."

"बरोबर." सुनेला एकदम हलकं वाटलं. "आई, बरोबर आहे. उद्या उजव्या कानाशी धरा. सावकाश करा, कुणी घाई करणार नाही. तुम्ही जिंकाल."

"जिंकेन," सासूबाई म्हणाल्या.

त्या दक्षिणेच्या बाजूला चार पावलं गेल्या, जिथे वाळू पुन्हा पायाला करकरीत लागत होती. खाली बसायला त्यांना सुनेच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. साक्षीदाराला त्यांनी वाळूवर नुसतं ठेवलं, टोचलं नाही. दोघी बघत बसल्या. आधी काहीच झालं नाही. मग झडपा किंचित विलगल्या, फटीतून एक पांढरट जीभ बाहेर आली, वाळू चाटल्यासारखी फिरली आणि रुतली. एक हिसका. शिंपला तिरका उभा राहिला. आणखी एक. अर्धा आत.

"दिवसभर मुठीत होता, शंभरदा डोकं आपटलं त्याचं," सासूबाई म्हणाल्या. "तरी जमीन मिळाली की कामाला लागला. तक्रार नाही, काही नाही."

पाणी परत येऊ लागलं तशा दोघी उठल्या.

सकाळी आचारी आला. रिकामं पातेलं खरंच घेऊन आला होता, धुऊन लख्ख केलेलं. शेडची सगळी माणसं हातातली कामं टाकून जमली. तोलकाकानं मिसळलेली टोपली टेबलावर ठेवली. रात्रभर तो झोपला नसावा. चिडून बोललेलं माणसाला सकाळी महाग पडतं.

सासूबाई स्टुलावर बसल्या. त्यांनी साक्षीदार निवडला. पहिला शिंपला उचलला आणि हात उजव्या कानापाशी नेला. टक्. डावीकडे ठेवला. दुसरा. टक्. तिसरा. बद्द. बादलीत. त्या नेहमीसारखं पाऊस पाडत नव्हत्या, नळ ठिबकावा तसं चाललं होतं, पण एकही चूक नव्हती. कोणते बद्दे घातलेत ते तोलकाकाला ठाऊक होतं, आणि प्रत्येक बद्द्या बादलीत पडला की त्याच्या चेहऱ्यावर उजेड वाढत होता. हरताना एवढा खूश झालेला माणूस सुनेनं पाहिला नव्हता.

टोपली अर्धी झाली असेल. तेवढ्यात बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. सासूबाईंचा मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, पहाटेचा माल घेऊन आला होता. ओल्या गोणपाटाखाली झाकलेला ढीग माणसांनी आत आणून टेबलाच्या बाजूला ओतला. खळखळ करत शिंपले पसरले. सासूबाईंचा हात कानाशीच थांबला. त्यांनी ढिगाकडे बघितलं, मग हातातल्या एका शिंपल्याकडे.

"वहिनी, बस झालं, मानलं तुम्हाला," तोलकाका म्हणाला. "मी चुकलो. सगळ्यांसमोर माफी..."

"थांब." त्यांनी शिंपला खाली ठेवला. "आचारीबुवा, इकडे ये. तुझ्या पातेल्यातला बद्द्या माझ्याच हाताखालून गेला होता. काल मी नाही म्हटलं, ते खोटं होतं. मला ते खोटं आहे हे ठाऊक नव्हतं, पण म्हणून ते खरं होत नाही. तुझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली, ती परत घेते."

आचाऱ्यानं पातेल्याच्या काठावरून हात फिरवला. "जाऊ द्या, काकू. एखाद्या वेळी होतं."

"एखाद्या वेळी नाही, वर्षभर होतंय. तुझ्यापर्यंत पोचत नव्हते, कारण ही मागे बसून पुन्हा वाजवत होती. माझा डावा कान गेला. उजवा निम्मा आहे."

सुनेला वाटलं, आपण जमिनीत रुतावं, त्या शिंपल्यासारखं, दोन हिसक्यांत.

"पण आत्ता तर तुम्ही सगळे बरोबर काढलेत," तोलकाका म्हणाला.

"काढले. आणि ह्या गतीनं तो ढीग निवडायला बसले, तर संध्याकाळपर्यंत जे जिवंत आहेत तेही बद्द होतील."

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. सासूबाई स्टुलावरून उतरल्या. एप्रन सोडला, घडी घातली. मग सुनेची सोललेली बोटं उघडून तळहातावर साक्षीदार ठेवला.

"संध्याकाळी घरी सोडायचा. हा काटेवाला काही म्हणाला तरी."

"आई, मला नाही जमणार सगळ्यांसमोर."

"चोरून वर्षभर जमलं. उघड्यावर सोपं जाईल, नळाचा आवाज नसतो. बस."

सून बसली. स्टूल तिला उंच होतं, पाय टेकत नव्हते. तिनं ढिगातला पहिला शिंपला उचलला, साक्षीदारावर टेकवला. टक्. तिला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज मोठा आला.

सासूबाई भिंतीपाशी गेल्या. खिळ्याला एक जुनं दाताळं अडकवलेलं होतं, दांडा हाताच्या घामानं काळा झालेला. ते त्यांचं होतं, गुडघे धड होते तेव्हाचं. त्यांनी ते काढलं, कोपऱ्यातलं घमेलं उचललं.

"हे काय काढलंत?" तोलकाकानं विचारलं.

त्या त्याच्याकडे न बघता सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या. "उत्तरेच्या पट्ट्यावर बारकी वर येऊन पडलीत. उचलून दक्षिणेच्या वाळूत लावायची आहेत. पाणी अजून लांब आहे."

"तुमचे गुडघे?"

"गुडघे दुखतील. पण तिथे कान लागत नाही."

तोलकाका टेबलाला वळसा घालून आला. काल त्यानं जे मागितलं होतं ते आज त्याला मिळालं होतं, आणि ते हातात घेऊन काय करावं हे त्याला समजत नव्हतं. "वहिनी, अहो, घरी बसा असं मी म्हणालो, ते रागाच्या भरात. स्टूल तुमचंच आहे. हळू वाजवा, आम्ही थांबू. ढीग थांबेल."

तो डाव्या बाजूला उभा होता. त्याचं त्यालाच ते लक्षात आलं. मग तो दुसऱ्या बाजूला गेला, वाकला, आणि उजव्या कानाशी तोंड नेऊन, टेबलाखालच्या त्या पोराच्या आवाजात म्हणाला, "वहिनी, माझ्यावर रागावलात?"

सुनेचा हात थांबला. कान उजवा होता, आणि अंतर काल शिंपला वाजवला तेवढंच; ऐकू जायला हवं होतं.

सासूबाईंनी घमेलं कमरेवर सारखं केलं, दाताळं खांद्यावर टाकलं, आणि ओल्या पायऱ्या एकेक करत खाली वाळूकडे उतरून गेल्या.